गागोद्याच्या मुलाने गिरवलेला अलिफ

रमजान हा वाचनाचा महिना आहे. पेण असो वा रोहा, या महिन्यात इशाच्या नमाजनंतर मशिदीत तरावीह सुरू होते आणि हाफिज रोज थोडे थोडे करीत कुरआन ऐकवतात. घरात फजरनंतर तिलावत चालते. चष्मा लावलेली आजी रहलवरच्या कुरआनाच्या ओळीवरून बोट फिरवत असते आणि तिच्याच शेजारी पाच-सहा वर्षांचे नातवंड कायदा उघडून अलिफ, बे, ते घोकत असते. याच महिन्यात हिरा गुहेत पैगंबर मुहम्मद (स.) यांच्यावर पहिला संदेश उतरला आणि त्याची सुरुवात वाचण्याच्या आज्ञेने झाली. ज्यांना ही आज्ञा झाली, त्यांना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हते.

रमजानशी जोडलेली आणखी एक आठवण आहे. हिजरी सन २ मध्ये, म्हणजे इसवी सन ६२४ मध्ये, रमजानच्या १७ तारखेला बद्रची लढाई झाली. मक्केचे काही लोक कैदी म्हणून मदिनेत आले. इस्लामी इतिहासपरंपरा सांगते, की ज्या कैद्यांजवळ सुटकेसाठी पैसे नव्हते पण ज्यांना लिहिता-वाचता येत होते, त्यांना एक सवलत मिळाली. त्यांनी मदिनेच्या १० मुलांना लिहायला-वाचायला शिकवावे आणि मोकळे व्हावे. हे शिक्षक मुसलमान नव्हते. कालपर्यंत ते समोर तलवार घेऊन उभे होते. तरीही मुलांना पहिले अक्षर त्यांच्याकडून शिकवण्यात कोणाला कमीपणा वाटला नाही. पुढे जैद बिन साबित या तरुण सोबत्याला पैगंबरांनी यहुद्यांची लिपी शिकून घेण्यास सांगितले आणि त्यांनी ती थोड्याच दिवसांत आत्मसात केली, हेही हदीसमध्ये आले आहे.

अक्षरांची ओळख आणि दुसऱ्याच्या धर्माची ओळख एकमेकींना किती जवळच्या आहेत, हे या दोन्ही आठवणींतून दिसते. प्राथमिक शाळेत मूल या दोन्ही गोष्टींना एकाच वयात भेटते. पाटीवर पहिले अक्षर काढतानाच शेजारच्या मुलाचे नाव, त्याचा सण आणि त्याची प्रार्थना आपल्यापेक्षा वेगळी आहे, हे त्याला कळू लागते. या वेगळेपणाचे पुढे काय होणार, ते बरेचसे त्याच वयात ठरते. पेण तालुक्यात जन्मलेल्या एका माणसाने या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या जगण्यातून दिले. भूदानासाठी देशभर पायी फिरलेले आचार्य विनोबा भावे सर्वांना ठाऊक आहेत. दुसऱ्याचा धर्म समजावा म्हणून त्याची अक्षरे पहिल्यापासून गिरवणारे विनोबा मात्र तितके ठाऊक नाहीत.

चंदनाचा गणपती

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे या गावी झाला. तेव्हाचा कुलाबा जिल्हा म्हणजे आजचा रायगड. घरात त्यांना विन्या म्हणत. त्यानंतर चारच महिन्यांनी याच जिल्ह्यात महाडजवळ नाते येथे चिंतामणराव देशमुख जन्मले आणि त्यांचे बालपण रोह्यात गेले. पुढे देशाचे अर्थमंत्री झालेला तो मुलगा आणि देशभर अनवाणी मनाने जमीन मागत फिरलेला हा मुलगा, दोघांची पहिली अक्षरे याच डोंगर-खाड्यांच्या मुलखातली.

विन्याचे वडील नरहरपंत नोकरीनिमित्त बडोद्याला असत. मूल वाढले ते आजोबा शंभूराव आणि आई रुक्मिणीबाई यांच्या छायेत. शंभूराव मोठे व्रतस्थ. चांद्रायण व्रत करीत, म्हणजे चंद्राच्या कलेबरोबर रोज एक घास वाढवायचा आणि पुढे रोज एक घास कमी करायचा. चंद्राकडे पाहून जेवणाचा हिशेब ठेवणारे ते घर होते. चंद्र पाहून रोजे सुरू करणाऱ्या आणि चंद्र पाहून ईद करणाऱ्या माणसाला ते घर फार परके वाटू नये.

आज पेण म्हटले की गणपतीच्या मूर्ती आठवतात. येथील कारखान्यांतून मूर्ती दूरदूरच्या गावी आणि परदेशीही जातात. गागोद्याच्या भावे वाड्यात मात्र गणपती घरीच होई आणि तोही चंदनाचा. आजोबा मुलांना चंदन उगाळायला बसवत. उगाळून उगाळून जो गोळा जमे, त्यातून मूर्ती घडवत. तिची मनोभावे पूजा होई आणि शेवटी तिचे विसर्जन होई. आपल्याच हातांनी घडवलेला देव आपल्याच हातांनी पाण्यात सोडताना मुलाला वाईट वाटणारच. पण ज्याला पुजले तो मूर्तीएवढा लहान नाही, हेही त्याच वेळी मनात रुजे. आकार माणसाच्या सोयीसाठी असतो, ज्याचा आकार करायचा तो त्याहून मोठा असतो, ही शिकवण विनोबांना पुस्तकाआधी हाताने मिळाली. पुढे वेगवेगळ्या धर्मांचे ग्रंथ आणि वेगवेगळ्या लिप्या हाताळताना ती त्यांच्या कामी आली.

याच शंभूरावांची आणखी एक आठवण सांगितली जाते. भावे घराण्याचे वाईला कोटेश्वराचे देऊळ होते. त्या देवळात त्यांनी एका मुसलमान गायकाला भजन म्हणण्यासाठी बोलावले. गावात त्यावरून नाराजी झाली, पण आजोबा डगमगले नाहीत. वडील नरहरपंत शास्त्राच्या आणि यंत्रांच्या ओढीचे, रंगकामातले जाणकार. त्यांनी मोठ्या वयात संगीत शिकायचे ठरवले, तेव्हा ते मुसलमान उस्तादांकडे शिकले. घरात कोणी सहिष्णुतेवर भाषण दिले नव्हते. मुलाने आजोबांना आणि वडिलांना वागताना पाहिले.

बोट ठेवून वाचणारी आई

वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास विन्या बडोद्याला गेला. तेथे शाळा मिळाली, मोठे ग्रंथालय मिळाले. वडिलांच्या इच्छेने तो फ्रेंच शिकला, तर आईला वाटे की मुलाने संस्कृत शिकावे. या आईला स्वतःला वाचणे जड जाई. ती अक्षराला अक्षर जोडून, ओळीवर बोट ठेवून वाचत असे. एखादा श्लोक वाचायला तिला बराच वेळ लागे. पण ती सोडत नसे. दुपारी सराव करायचा आणि सकाळी पूजेच्या वेळी तो वाचायचा, असा तिचा परिपाठ होता.

बडोद्यात एकदा गीतेवर प्रवचने सुरू झाली. तिला ती नीट कळेनात. तिने मुलाकडे मराठी गीता मागितली. मुलाने गद्य भाषांतर आणून दिले, पण तिला पद्य हवे होते. पद्यातले मिळाले ते संस्कृताइतकेच कठीण निघाले. तेव्हा ती मुलाला म्हणाली, की तूच का नाही सोपी करून देत? मुलगा तेव्हा विशीच्या आसपासचा होता.

२४ ऑक्टोबर १९१८ रोजी आई गेली. तोवर विनोबांनी घर सोडले होते. १९१६ च्या मार्चमध्ये परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनोबा सुरतेला उतरून काशीला गेले होते आणि ७ जून १९१६ रोजी अहमदाबादजवळ कोचरब आश्रमात गांधीजींना भेटले होते. पण आईचे मागणे त्यांच्या मनातून गेले नाही. ७ ऑक्टोबर १९३० रोजी त्यांनी वर्ध्याला मराठी गीता लिहायला घेतली आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी ती पूर्ण केली. तिचे नाव ठेवले गीताई. लिहिताना त्यांची कसोटी एकच होती. बोट ठेवून वाचणाऱ्या बाईला ओळ अडता कामा नये. महाराष्ट्रातल्या घराघरांत गीताई पोहोचली ती याच कारणाने.

ज्याला नुकतेच वाचता येऊ लागले आहे, त्याच्यासाठी धर्माचे सर्वांत मोठे पुस्तकही सोपे करून द्यावे लागते, हा धडा विनोबांना आईने दिला. पहिलीच्या वर्गात शिकवणाऱ्या कोणत्याही बाईंना हा धडा रोज आठवावा लागतो. विनोबांनी तो पुढे केवळ स्वतःच्या धर्माच्या पुस्तकापुरता ठेवला नाही.

वर्ध्याचा अभ्यासक्रम

१९२१ मध्ये गांधीजींच्या सांगण्यावरून विनोबा वर्ध्याच्या आश्रमात आले आणि पुढे त्यांचे आयुष्य वर्धा, नालवाडी आणि पवनार या परिसरातच रुजले. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला एक शिक्षण परिषद भरली. देशातील लहान मुलांना काय आणि कसे शिकवावे, हा तिचा विषय. परिषदेने अभ्यासक्रम ठरवण्यासाठी समिती नेमली. अध्यक्ष होते दिल्लीच्या जामिया मिलिया इस्लामियाचे प्रमुख डॉ. जाकिर हुसेन. सभासदांत ख्वाजा गुलाम सैयदैन होते, काका कालेलकर होते, किशोरलाल मश्रूवाला होते आणि गागोद्याचे विनोबाही होते.

जाकिर हुसेन पुढे १९६७ मध्ये राष्ट्रपती झाले. पण त्यांचे मन मुलांत रमे. उर्दू वाचू लागलेल्या मुलांसाठी त्यांनी अब्बू खाँच्या बकरीची गोष्ट लिहिली, ती आजही मुले वाचतात. एक जण आईसाठी गीता सोपी करणारा, दुसरा मुलांसाठी गोष्टी लिहिणारा. हे दोघे एका समितीत बसून ७ ते १४ वर्षांच्या मुलांचा अभ्यासक्रम पाहत होते.

शिक्षण मातृभाषेतून असावे आणि हाताच्या उद्योगाभोवती गुंफलेले असावे, ही या योजनेची मुख्य सूत्रे. तिलाच पुढे नई तालीम म्हणू लागले. अक्षरांबाबत गांधीजींचा आग्रह वेगळाच होता. मुलाला आधी ऐकू द्यावे, बोलू द्यावे, त्याच्याकडून चित्रे काढून घ्यावीत. वाचन लेखनाच्या आधी यावे आणि अक्षरेही चित्रासारखी नजरेत भरल्यावर हाताने काढावीत. घाईने पाटी-पेन्सिल हातात देऊन अक्षरे घोटवून घेण्याला त्यांचा विरोध होता.

दुसरी बाब धर्माची. एखाद्या धर्माची शिकवण शाळेने द्यावी, असे योजनेत नव्हते. मात्र सामाजिक अभ्यासाच्या भागात जगातल्या धर्मांकडे आदराने पाहायला शिकवावे आणि मूळ गोष्टींत ते एकमेकांशी कसे जुळतात हे मुलांना दाखवावे, असे समितीने स्पष्ट मांडले. हिंदुस्थानी भाषेसाठी नागरी आणि उर्दू अशा दोन्ही लिप्यांचा विचार झाला. दोन्ही लिप्यांतली मुले ज्या शिक्षकापुढे बसणार, त्या शिक्षकाला दोन्ही लिप्या यायला हव्यात, हीदेखील अपेक्षा होती. ही अपेक्षा साधी दिसते, पण तिचा अर्थ मोठा आहे. मूल आपली लिपी शिकेल. शिक्षकाने मात्र प्रत्येक मुलाची वही वाचता येण्याइतके शिकले पाहिजे.

हे सारे कागदावर होते. प्रत्यक्षात काळ अविश्वासाचा होता. मुस्लिम लीगने वर्धा योजनेवर कडक टीका केली. मध्य प्रांतात रविशंकर शुक्ल यांनी शाळांसाठी विद्या मंदिर योजना आणली, तेव्हा त्यातल्या मंदिर या शब्दालाच मुसलमानांनी हरकत घेतली. शब्द काढणाऱ्यांना तो निरुपद्रवी वाटत होता. ज्यांच्या मुलांना त्या पाटीखालून रोज आत जायचे होते, त्यांना तो तसा वाटत नव्हता. मुलांच्या शाळेच्या नावावरून मोठ्यांची मने दुरावली, ही त्या काळाची खंत आहे. आदर अभ्यासक्रमात लिहिता येतो, पण समोरच्याच्या कानाला आपला शब्द कसा लागतो हे कळायला वेगळा अभ्यास लागतो. विनोबांनी तो अभ्यास स्वतःपुरता पूर्ण निष्ठेने केला.

अलिफपासून सुरुवात

गांधीजींच्या आश्रमाच्या प्रार्थनेत कुरआनातील आयतींना जागा होती. विनोबांना तेवढ्यावर समाधान वाटेना. आधी त्यांनी कुरआनची भाषांतरे वाचली. मग मूळ ग्रंथ मूळ भाषेतच वाचायचा, असे ठरवून ते अरबी शिकू लागले. उपनिषदे आणि ब्रह्मसूत्रे वाईच्या प्राज्ञ पाठशाळेत शास्त्र्यांजवळ बसून वाचलेला हा पंडित पुन्हा बिगरीत बसला.

अरबीची ओळख ज्यांना आहे, त्यांना यातले कष्ट कळतील. लेखन उजवीकडून डावीकडे. अक्षरे २८. तेच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला एक रूप घेते, मध्ये दुसरे आणि शेवटी तिसरे. नुक्ते बदलले की बे चा ते होतो. त्याहून कठीण उच्चार. ऐन घशातून काढायचा, काफ जिभेच्या मुळातून. मराठी जिभेला हे सहज जमत नाही. पेण-रोह्याच्या मुसलमान घरांतली मुलेही घरी आपली बोली आणि मराठी बोलतात, त्यामुळे मकतबमध्ये मौलवीसाहेब त्यांच्याकडून हेच उच्चार पुन्हा पुन्हा घोटवून घेतात. विनोबांनी तेच केले. रेडिओवर होणारे कुरआनपठण ते कान देऊन ऐकत आणि आपले उच्चार त्याच्याशी ताडून पाहत. ग्रंथ त्यांनी एकदा वाचून मिटला नाही, वर्षानुवर्षे वाचला.

मौलाना अबुल कलाम आझाद गांधीजींना भेटायला आले असतानाची एक आठवण सांगितली जाते. गांधीजींनी विनोबांना कुरआनातला काही भाग म्हणायला सांगितला. आझादांचा जन्म मक्केतला, अरबी त्यांच्या घरची. पण विनोबांचे उच्चार ऐकून तेही चकित झाले. या आठवणीत विद्वत्तेचे कौतुक तर आहेच. पण दुसऱ्याच्या पवित्र शब्दाचा उच्चार चुकू नये म्हणून एका माणसाने घेतलेली काळजी त्यात अधिक मोलाची आहे. शाळेत एखाद्या मुलाचे नाव बाई रोज चुकीचे घेत असतील, तर त्या मुलाला काय वाटते हे त्याला विचारावे. आणि नाव नीट घेतले की तेच मूल कसे खुलते, तेही पाहावे.

विनोबांनी इस्लाम स्वीकारला नाही. त्यांची गीता सुटली नाही, ज्ञानेश्वर-तुकाराम सुटले नाहीत. दुसऱ्याच्या घरी आदराने जाऊन यायचे असेल, तर स्वतःचे घर मोडावे लागत नाही, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसते.

पायी चाललेले वाचन

या वाचनाची परीक्षा लवकरच आली. फाळणी झाली, गांधीजी गेले. १९४८ मध्ये विनोबा दिल्लीत निर्वासितांच्या कामाला लागले. मग मेवातमध्ये उखडल्या गेलेल्या मेव मुसलमानांना पुन्हा त्यांच्या गावी वसवण्यासाठी त्यांनी कष्ट घेतले. त्याच काळात ते अजमेरला गेले आणि ख्वाजा मोईनुद्दीन चिश्ती यांच्या दर्ग्यात त्यांनी प्रार्थना केली. रक्त अजून सुकले नव्हते, अशा दिवसांत एक हिंदू संन्यस्त माणूस मुसलमानांमध्ये जाऊन बसला आणि त्यांच्या ग्रंथातले शब्द शुद्ध म्हणू लागला. त्याच्यावर विश्वास ठेवायला लोकांना याहून वेगळे प्रशस्तिपत्र लागले नाही.

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्लीत भूदानाची सुरुवात झाली. त्यानंतर अनेक वर्षे विनोबा चालत राहिले. ज्या प्रांतात जात, तेथील भाषा आणि तेथील संतांचे ग्रंथ वाचत. तुरुंगात असताना त्यांनी तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या भाषांचा अभ्यास केला होता. १९५९ मध्ये ते काश्मीरमध्ये पायी फिरले. सप्टेंबर १९६२ मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात त्यांची १६ दिवस पदयात्रा झाली आणि तेथील मुसलमान शेतकऱ्यांनीही भूमिहीनांसाठी जमीन दिली.

१९६२ मध्येच त्यांचा कुरआन-सार हा ग्रंथ आला. अनेक वर्षांच्या वाचनातून निवडलेल्या आयतींची विषयवार मांडणी त्यात आहे. एका हिंदूने कुरआनातून निवड करावी, यावर पुस्तक निघण्याआधीच पाकिस्तानातून आक्षेप आले. पुस्तक हाती आल्यावर ते कोणत्या भावनेने केले आहे, हे वाचणाऱ्यांना दिसले. ख्रिस्ती धर्मग्रंथांचे सार, धम्मपदाची नवी मांडणी, शिखांच्या जपुजीवरील विवेचन अशी कामेही त्यांनी केली. जैनांच्या सर्व पंथांना मान्य होईल असा समणसुत्तं हा ग्रंथ त्यांच्याच प्रेरणेने १९७४ मध्ये सिद्ध झाला. या सर्व पुस्तकांमागे बडोद्याच्या घरातली बोट ठेवून वाचणारी ती आईच उभी दिसते. मोठा ग्रंथ साध्या वाचकाच्या हाती द्यायचा, एवढेच ते काम.

लिपीविषयी विनोबांचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. भारतातल्या भाषा नागरीतही लिहिल्या जाव्यात, म्हणजे लोकांना एकमेकांचे साहित्य वाचता येईल, असे ते सांगत. पण कोणाची लिपी काढून घ्यावी, असे त्यांनी म्हटले नाही. हिंदीतल्या ही आणि भी या दोन इवल्या शब्दांवर ते बोट ठेवत. ही म्हटले की बाकी सारे बाहेर पडते. भी म्हटले की सर्वांना जागा राहते. त्यांचा आग्रह भी चा होता. हाच नियम त्यांनी धर्मालाही लावला.

विनोबांचे सारेच निर्णय सर्वांना पटले असे नाही. आणीबाणीतल्या त्यांच्या भूमिकेवर टीका झाली आणि ती आजही होते. भूदानात मिळालेली सगळी जमीन भूमिहीनांपर्यंत पोहोचली नाही, हेही खरे. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, दिवाळीच्या दिवसांत, अन्न आणि औषध सोडून त्यांनी पवनारला देह ठेवला. १९८३ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले. पण अक्षरातून माणसापर्यंत जाण्याची त्यांनी दाखवलेली वाट या साऱ्या हिशेबापलीकडे शिल्लक आहे, आणि ती चालायला कोणी आचार्य असावे लागत नाही.

एका बाकावर

रायगड जिल्ह्यात मराठी शाळांबरोबर उर्दू माध्यमाच्या शाळाही आहेत. उर्दू शाळेतले मूल मराठी शिकतेच, त्यामुळे त्याच्या दप्तरात दोन लिप्या असतात. मराठी शाळेतही मुसलमान मुले मोठ्या संख्येने शिकतात. सकाळी मकतबमध्ये अलिफ वाचून आलेले मूल तासाभराने त्याच हाताने ग गिरवते. त्याला यात काही विरोध दिसत नाही. विरोध दाखवतात ती मोठी माणसे.

खरे तर शाळेचे दप्तर पूर्वीपासून सामाईकच आहे. दप्तर हा शब्द फारसीतून आला. हजेरी अरबीतून आली. कागद, शाई, दौत, कलम हे सारे त्याच वाटेने मराठीत येऊन घरचे झाले. आरंभ करणे याला आपण ओनामा म्हणतो, तो शब्द जैन परंपरेतल्या नमनाचा. जुन्या शाळांतून सर्वांची मुले तो गिरवत. कोणी श्रीगणेशा करतो, कोणी बिस्मिल्ला करतो, आणि मराठी माणूस हे तिन्ही शब्द सुरुवात याच अर्थाने वापरतो. भाषेने हे आपल्यासाठी कधीच करून ठेवले आहे.

शाळेला यात फार काही नवे करावे लागत नाही. पहिलीच्या वाचनाच्या तासाला चंदनाच्या गणपतीची गोष्ट सांगता येते आणि बद्रच्या कैद्यांनी शिकवलेल्या १० मुलांचीही सांगता येते. ईदच्या आदल्या दिवशी फळ्यावर ईद हा शब्द लिहून वाचून घेता येतो, तसाच गौरी-गणपतीच्या आधी मोदक हा शब्द. वर्गातल्या एखाद्या मुलीला तिचे नाव उर्दूत लिहून दाखवायला सांगता येते, आणि मग बाकीच्यांना आपापले नाव तसे कसे दिसते हे पाहण्याची घाई होते. कोणाच्या धर्माची शिकवण यात नाही. आपल्या शेजाऱ्याचे नाव नीट वाचता येणे, एवढेच यात आहे.

गागोदे पेणपासून दूर नाही. तेथे विनोबांचे जन्मघर आहे. शाळेच्या सहलीची मुले तेथे गेली, तर त्यांना जमिनीच्या दानाची गोष्ट अवश्य सांगावी. त्याबरोबर हेही सांगावे, की याच घरात चंदन उगाळणारा एक मुलगा मोठा झाल्यावर, पंडित म्हणून नाव झाल्यावर, पुन्हा पहिलीतल्या मुलासारखा बसला आणि त्याने अलिफ गिरवला. शेजाऱ्याचे पुस्तक आपल्याला वाचता यावे, एवढ्याचसाठी.